सिरॅमिक केसचं डायव्ह वॉच घेताय? मग आधी त्यातले सिरॅमिक नसलेले भाग बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे : रोज ऑफिसला घालता येईल आणि वर्षातून दोनेकदा डायव्हिंगला पण नेता येईल असं एकच भारी घड्याळ घ्यायचंय, ओरखडे पडत नाहीत म्हणून सिरॅमिक केस (म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच) मनात भरलीये, पण कुणीतरी सांगितलंय की हातातून सुटलं की संपलं, आणि यादीत ट्यूडर, ओमेगा, ब्लाँपाँ, राडो अशी चार नावं आहेत. माझं काम घड्याळं उघडणं, सर्व्हिस करणं आणि प्रेशर टेस्ट करून परत देणं हे आहे, सिरॅमिकच्या केसेस बऱ्याच हाताखालून गेल्यात, त्यामुळे शोरूममध्ये जे सांगत नाहीत त्या बाजूनं सांगतो. माझं सगळं म्हणणं एकाच गोष्टीवर येतं : या घड्याळांमध्ये सिरॅमिक सहसा दगा देत नाही, दगा देते ती सिरॅमिक आणि धातू जिथे भेटतात ती जागा. म्हणून घेताना काळ्या चकचकीत भागाकडे कमी आणि क्राऊन (बाजूचं चावीचं बटण), बॅक (मागचं झाकण), बेझलची (काचेभोवती फिरणाऱ्या कडीची) रिंग, पट्ट्याच्या पिनांची भोकं यांच्याकडे जास्त बघायचं.

आधी हे मटेरियल काय आहे ते बघू, कारण ते कळलं की निम्म्या शंका आपोआप जातात. घड्याळातलं सिरॅमिक म्हणजे झिर्कोनियम ऑक्साईड, त्यात थोडं यिट्रियम ऑक्साईड मिसळलेलं. अगदी बारीक पावडर, त्यात रंगद्रव्य आणि बाइंडर (पावडर धरून ठेवणारा पदार्थ), हे सगळं दाबानं साच्यात भरतात, मग बाइंडर काढून टाकतात आणि १४०० अंश सेल्सियसच्या आसपास भट्टीत भाजतात. कच्चं मडकं भाजल्यावर आटतं तशी ही केस पण आटते, फक्त इथे आटण्याचं प्रमाण खूप मोठं असतं, प्रत्येक मापात साधारण पाचवा हिस्सा कमी होतो, आणि तेवढं आटूनही क्राऊनचं भोक आणि काचेची बैठक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशोबात बसवायची असते. भाजल्यानंतर जे काही घासायचं ते हिऱ्याच्या टूलनीच, दुसरं काही त्याला लागत नाही. जास्तीचे पैसे जातात ते इथे, पावडरमध्ये नाही. हे तंत्र काही कालचं पण नाही, आयडब्ल्यूसीनं १९८६ साली दा विंची परपेच्युअल कॅलेंडर झिर्कोनियाच्या केसमध्ये आणलं, आणि शॅनेलचं जे१२ आलं २००० साली, तिथून सिरॅमिक खऱ्या अर्थानं लोकांच्या हातावर दिसायला लागलं.

आता ओरखड्यांचं. घड्याळात वापरतात ते ३१६एल स्टील कडकपणात साधारण २०० विकर्स भरतं, ग्रेड ५ टायटॅनियम ३५०च्या आसपास, आणि झिर्कोनिया १२०० किंवा वर. वर बसवलेली सफायर काच २०००च्या घरात. वाळूतली गारगोटी स्टीलला सहज ओरबाडते पण झिर्कोनियाला नाही, म्हणून किनाऱ्यावर, बोटीवर, एअर टँकच्या रॅकजवळ वापरलेलं सिरॅमिक घड्याळ पाच वर्षांनी पण शोकेसमधल्यासारखं दिसतं. हे जाहिरातीतलं वाक्य वाटेल पण खरं आहे, मी रोज बघतो. पॉलिशवर बारीक चरे नसतात, कडा गोल झालेल्या नसतात, आणि रंग आरपार एकच असल्यामुळे खालून पांढरं स्टील डोकावत नाही जसं पीव्हीडी किंवा डीएलसी कोटिंगच्या घड्याळात कोपऱ्यावर डोकावतं.

एक गोष्ट मात्र बरेच जण घाबरून घेऊन येतात. मॅट काळ्या केसवर एके दिवशी चंदेरी रेघ दिसते आणि वाटतं की ओरखडा पडला, पैसे वाया गेले. तो ओरखडा नसतो. दाराचं हँडल, लॅपटॉपची कड, स्टीलचं बकल असं काहीतरी घासलेलं असतं आणि सिरॅमिक त्या धातूपेक्षा कडक असल्यामुळे धातूच खरवडून केसवर चिकटलेला असतो. भिंगाखाली धरलं तर स्पष्ट दिसतं, रेघ खोल गेलेली नसते, वर बसलेली असते. साधा पेन्सिलचा खोडरबर घ्या, कोरडाच, रेघेवर थोडा जोर देऊन फिरवा, राखाडी चुरा निघतो आणि खाली काळं जसंच्या तसं. चकचकीत पॉलिशवर असं कमी होतं पण तिथे बोटांचे ठसे इतके दिसतात की दिवसभर पुसत बसावं लागतं, त्यामुळे रोज वापरायचं असेल तर मी तरी मॅट किंवा ब्रश केलेलीच केस घ्या म्हणेन. आणि उलट बाजू पण लक्षात ठेवा, तुमचं घड्याळ सुरक्षित आहे पण ते बाकीच्यांना ओरबाडतं, ड्रॉवरमध्ये दुसऱ्या घड्याळाला चिकटून ठेवू नका.

फुटण्याची भीती खरी की खोटी? अर्धी खरी. झिर्कोनिया हे साध्या चिनी मातीच्या कुळातलं असलं तरी त्याच्या आत एक विशेष गुण आहे, भेग पुढे सरकायला लागली की तिच्या टोकाजवळचे कण आपली रचना बदलून थोडे फुगतात आणि भेगेला दाबून धरतात, यिट्रियम घालतात ते याचसाठी. म्हणून टेबलावर आपटलं, दाराला लागलं, बोटीच्या शिडीला धडकलं अशा रोजच्या माराला काही होत नाही. पण भेग रोखायची ताकद स्टीलच्या तुलनेत दहावा हिस्सा किंवा त्याहून कमीच आहे, आणि मुख्य म्हणजे सिरॅमिक वाकत नाही. स्टील मार खाऊन पोचा पाडून घेतं, सिरॅमिककडे तो पर्याय नाही, एक तर काहीच होत नाही नाहीतर टवका उडतो. छातीच्या उंचीवरून फरशीवर पडलं आणि नेमकं लगच्या, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या केसच्या शिंगाच्या, टोकावर आलं तर टवका उडू शकतो, सपाट बॅकवर आलं तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. सगळा खेळ कुठल्या कोपऱ्यावर पडतंय याचा.

माझ्या टेबलावर आलेलं एक घड्याळ सांगतो, ब्रँड महत्त्वाचा नाही. मालकाची तक्रार एवढीच की पट्टा सारखा सैल वाटतो. वरून बघितलं तर केस निष्कलंक. पट्टा काढून लगच्या आतल्या बाजूला भिंग लावलं तर पिनेच्या भोकापासून खालच्या कडेपर्यंत डोक्यावरच्या केसाएवढी बारीक भेग, नखाला पण धड लागत नव्हती. तिरकस उजेड टाकला तेव्हा दिसली. कधीतरी पडलं असणार, मालकाला आठवत पण नव्हतं. आता यात दुरुस्ती काय? काहीच नाही. वेल्डिंग होत नाही, भरून काढता येत नाही, घासून भेग घालवता येत नाही. केस बदलणं एवढाच उपाय, आणि लग केसचाच भाग असल्यामुळे एका भोकासाठी अख्खी केस. स्टीलच्या घड्याळात हेच झालं असतं तर लेझर वेल्डिंग करून परत फिनिश करता आलं असतं.

म्हणून खरेदीच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न हा की केस फुटली तर बदलून मिळते का, साधारण किती खर्च येतो, किती दिवस लागतात, आणि मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं केस मिळत राहील. हे तोंडी नाही, ईमेलवर विचारा आणि लेखी उत्तर घ्या. ट्यूडर आणि ओमेगा ५ वर्षांची वॉरंटी देतात पण पडून फुटलेली केस त्यात येत नाही, त्यामुळे एवढ्या किमतीचं घड्याळ घेताना अपघाती नुकसानीचा विमा काढता येत असेल तर काढाच.

आता मुद्द्याच्या जागी येऊ, म्हणजे जोडांवर. सिरॅमिकमध्ये बारीक आटे पाडणं आणि ते टिकवणं अवघड, स्क्रू जोरात आवळला तर आटाच फुटतो. म्हणून बहुतेक सिरॅमिक घड्याळांमध्ये आत धातूची रिंग किंवा वाटी असते, मशीन तिच्यात बसतं, क्राऊनची ट्यूब तिच्यात जाते आणि बॅक पण तिलाच आवळला जातो. म्हणजे पाणी अडवण्याचं खरं काम हा आतला धातू आणि रबरी गॅस्केट करतात. राडोसारखे काही जण मोनोब्लॉक केस करतात, म्हणजे आतल्या वाटीशिवाय, त्यानं घड्याळ पातळ आणि हलकं होतं, पण मग क्राऊनला बसलेला धक्का सरळ सिरॅमिकवर जातो. दोन्ही पद्धती चांगल्या बनवता येतात, फक्त तुमच्या घड्याळात कुठली आहे हे माहीत असायला हवं.

बॅक बघा कशाचा आहे. स्टील किंवा टायटॅनियमचा बॅक असेल तर मला बरं वाटतं, कारण सर्व्हिसच्या वेळी तो उघडायला आणि परत बरोबर आवळायला सोपा. ओमेगानं सिरॅमिक बॅकसाठी नायाड लॉक नावाची वेगळी पद्धत काढली, आट्यांऐवजी खाचेत फिरवून बसणारी, आणि त्यामुळे बॅकवरची अक्षरं कायम सरळ पण राहतात. काम चोख आहे पण उघडायला योग्य टूल लागतं, म्हणजे ते घड्याळ गल्लीतल्या कारागिराकडे न देता अधिकृत सर्व्हिसलाच द्यायचं हे आधीच धरून चाला.

बेझलकडे तर लोक बघतच नाहीत. सिरॅमिक घड्याळ म्हटलं की सगळंच सिरॅमिक असं गृहीत धरतात. ट्यूडरच्या ब्लॅक बे सिरॅमिकचं उदाहरण घ्या, केस मॅट काळ्या सिरॅमिकची, बेझलच्या वरची चकती सिरॅमिकची, पण बोटांनी धरून फिरवायची जी दातेरी रिंग आहे ती स्टीलची, वर काळं पीव्हीडी. आणि मार सगळ्यात आधी कुठे लागतो? बेझलच्या कडेलाच. म्हणजे काही वर्षांनी केस नवी आणि रिंगच्या दातांवर चंदेरी ठिपके असं चित्र दिसू शकतं. मी याला दोष मानत नाही. ती रिंग धक्का खाऊन घेते आणि बदलता येते, सिरॅमिकची असती तर तिचाच टवका उडाला असता. पण माहीत असलेलं बरं, नाहीतर नंतर फसवल्यासारखं वाटतं.

नावांच्या गोंधळात पण पडू नका. सिरॅमिक बेझल म्हणजे सिरॅमिक केस नाही, रोलेक्सनं २००५ पासून सेराक्रोम बेझल आणलं पण त्या घड्याळांच्या केसेस धातूच्याच आहेत. आयडब्ल्यूसीचं सेराटॅनियम म्हणजे टायटॅनियमची मिश्रधातू, भट्टीत तिचा पृष्ठभाग सिरॅमिकसारखा कडक होतो पण गाभा धातूचाच राहतो. पानेरायचं कार्बोटेक तर कार्बन फायबरचं, त्याचा सिरॅमिकशी काही संबंध नाही. वजनाबद्दल पण गैरसमज आहे, सिरॅमिक पिसासारखं हलकं असतं असं नाही, घनता साधारण ६, स्टीलची ८, टायटॅनियमची साडेचारच्या जवळ. स्टीलपेक्षा हलकं, टायटॅनियमपेक्षा जड, आणि त्यात आतली धातूची वाटी धरली तर फरक अजून कमी. मात्र हातावर थंड लागत नाही, उष्णता हळू वाहून नेतं म्हणून लगेच अंगाच्या तापमानाला येतं, आणि निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांना केसचा त्रास होत नाही, फक्त बॅक आणि बकल कशाचं आहे ते त्यांनी बघून घ्यावं.

पाण्याबद्दल थोडक्यात, कारण इथे उगाच जास्त पैसे घालवले जातात. हौशी डायव्हिंगची मर्यादा साधारण ४० मीटर. २०० मीटरचं रेटिंग असलेलं चांगलं घड्याळ त्याला भरपूर आहे, ६०० मीटर घेतलं तर तुम्ही जाडी आणि वजन विकत घेता. हेलियम व्हॉल्व्ह पण तुमच्या कामाचा नाही, तो दिवसेंदिवस दाबाच्या चेंबरमध्ये राहून काम करणाऱ्या सॅच्युरेशन डायव्हरसाठी आहे. त्यापेक्षा डायव्ह वॉचच्या आयएसओ ६४२५ या मानकाप्रमाणे तपासलेलं आहे का ते विचारा, त्यात घड्याळाला लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाब देतात, शिवाय अंधारात वेळ वाचता येते का, चुंबकाचा, धक्क्याचा, खाऱ्या पाण्याचा परिणाम काय होतो हे पण बघतात.

पण नवं असताना काय होतं यापेक्षा तीन वर्षांनी काय होतं हे महत्त्वाचं. गॅस्केट रबराची असते, ती म्हातारी होते, सिरॅमिक कितीही नवं दिसत असलं तरी. हाच या मटेरियलचा एक लपलेला धोका आहे असं मला वाटतं, स्टीलचं घड्याळ जुनं दिसायला लागलं की माणूस सर्व्हिसला देतो, सिरॅमिकचं जुनं दिसतच नाही आणि लोक तसंच पाण्यात नेतात. डायव्हिंगच्या प्रत्येक सीझनच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि एकदा जोरात पडलं तर टेस्ट केल्याशिवाय पाण्यात नेऊच नका, भेग गॅस्केटच्या बैठकीपर्यंत गेली असेल तर वरून काही दिसणार नाही. टेस्ट करणाऱ्याला केस सिरॅमिक आहे हे मुद्दाम सांगा. हवेच्या दाबावर चालणारं मशीन घड्याळ किती दबतं ते मोजून निकाल देतं, आणि जाड काचेचं, ताठ केसचं घड्याळ फार कमी दबतं, सेटिंग साध्या घड्याळाचं ठेवलं तर निकालावर विसंबता येत नाही. आधी हवेत आणि मग पाण्यात अशा दोन्ही टेस्ट केलेल्या चांगल्या.

पाण्याखाली घड्याळ वाचता येणं हा पुढचा मुद्दा आणि इथे काळ्या घड्याळांचं प्रेम आडवं येतं. काळी केस, काळी डायल, काळे काटे, काळं बेझल, असं सगळं काळं घड्याळ फोटोत जबरदस्त दिसतं. ओमेगानं २०२१ ला डायव्हर ३०० एमचं ब्लॅक ब्लॅक काढलं, त्यात अंधारात चमकणारं मटेरियल पण गडद राखाडी रंगाचं आहे, कारागिरी म्हणून मला ते फार आवडतं पण गढूळ पाण्यात मिनिटकाटा शोधायला मी ते कुणाला देणार नाही. तुम्ही डायव्ह कॉम्प्युटर वापरणारच, घड्याळ बॅकअप म्हणून असणार, आणि बॅकअपची गरज लागते तेव्हा माणूस आधीच गडबडीत असतो, तेव्हा मोठा पांढरा मिनिटकाटा एका नजरेत दिसायला पाहिजे. शोरूममध्ये तळहातानं घड्याळ झाकून आत डोकावून बघा, मिनिटकाटा आणि बेझलवरचा शून्याचा ठिपका दोन्ही चमकतात का. आणि बेझल ओल्या हातानं फिरवून बघा, ग्लोव्ह असेल तर ग्लोव्ह घालून.

पट्टा रबराचा किंवा कापडाचा घ्या, सिरॅमिकचा ब्रेसलेट डायव्हिंगला मला पसंत नाही, पडलं तर फुटायला तेवढ्याच जास्त कड्या आणि वेटसूटवर (डायव्हिंगच्या रबरी सूटवर) लांबी वाढवायची सोय बहुतेकांत नसते. दोन्ही पिनांखालून जाणारा एकसलग कापडी पट्टा सगळ्यात भरवशाचा, एक पिन निसटली तरी घड्याळ हातावर राहतं.

आता तुमची यादी. ट्यूडर ब्लॅक बे सिरॅमिक, २०२१चं, ४१ मिमी, २०० मीटर, तारीख नाही, मशीनला मेटास या स्विस मापन संस्थेचं मास्टर क्रोनोमीटर सर्टिफिकेट आहे म्हणजे १५,००० गाऊसच्या चुंबकाला पण जुमानत नाही. चौघांत माप सगळ्यात आटोपशीर, केस मॅट, बॅक स्टीलचा. ओमेगा डायव्हर ३०० एमचं सिरॅमिक आणि टायटॅनियमचं ४३.५ मिमी मॉडेल, तेही मास्टर क्रोनोमीटर, पांढऱ्या खुणा आणि काटे स्पष्ट, पण मनगट बारीक असेल तर मोठं वाटेल. ओमेगाचंच प्लॅनेट ओशन डीप ब्लॅक ४५.५ मिमी आणि ६०० मीटर, ते तुमच्यासाठी नाही, शर्टच्या बाहीखाली जाणार नाही. ब्लाँपाँचं बाथिस्काफ सिरॅमिक ४३.६ मिमी, ३०० मीटर, आत १३१५ कॅलिबर (मशीनचा नंबर), तीन बॅरल (स्प्रिंगचे डबे) आणि ५ दिवसांचा पॉवर रिझर्व्ह (पूर्ण चावीवर चालण्याचा वेळ), मशीनची फिनिशिंग या चौघांत सरळ सरळ वरच्या पायरीवरची, पण किंमत पण त्याच पायरीवर आणि सर्व्हिसचं बिल पण. डायव्हिंगला नेताना मन कचरत असेल तर एवढं मशीन घेऊन उपयोग काय, हा विचार करा. राडोचं कॅप्टन कुक हाय टेक सिरॅमिक ४३ मिमी, ३०० मीटर, ८० तासांचा पॉवर रिझर्व्ह, चौघांत सगळ्यात स्वस्त, आणि सिरॅमिकमध्ये राडोइतकी सलग वर्षं फार थोड्यांनी काढलीत. त्याची आतली यंत्रणा दाखवणारी डायल मात्र वाचायला जड जाते, आणि बहुतेक वेळा येतं ते सिरॅमिकच्या ब्रेसलेटवर.

तुमच्या वापराला मी ट्यूडर घेईन. ४१ मिमी रोजच्या कपड्यांत जातं, डायल वाचता येते, मार खाणारी रिंग बदलता येते आणि कापडी पट्टा सहज बसतो. ओमेगा हातात घालून बघाच, मनगट साडेसात इंचांच्या पुढे असेल तर कदाचित तेच जास्त शोभेल. आणि तुमचं काम यंत्रांजवळ, दगडी भिंतींजवळ असेल किंवा घड्याळ सारखं काढून कुठेही ठेवायची सवय असेल तर सिरॅमिक सोडा आणि टायटॅनियमचं डायव्ह वॉच घ्या, चरे पडतील पण घासून निघतील.

जुनं घेणार असाल तर पट्टा काढल्याशिवाय पैसे देऊ नका. चारही लगच्या आतल्या बाजू, पिनांची भोकं, क्राऊनच्या भोवतीची कड आणि बॅकला लागून असलेली कड, एवढ्या जागा दहापट भिंगातून तिरकस उजेडात बघायच्या, आणि क्राऊन पूर्ण उघडून परत आवळताना कुठे अडतो किंवा तिरका बसतो का ते बघायचं. विकणारा पट्टा काढू देत नसेल तर तिथून निघा. नवं घेतलं तर पट्टा मागवण्याआधी वेटसूट किती मिलिमीटरचा आहे ते मोजून ठेवा, ५ मिमीच्या बाहीवर नेहमीचा रबरी पट्टा सहसा पुरत नाही आणि जास्त लांबीचा वेगळा मागवावा लागतो.